हिस्टोलिटिका की डिस्पार? हेक्सोकायनेजच्या पट्टीनं दिलेला निकाल

तुम्ही सांगलीत एमएस्सी करताय आणि विचारलंय, की एन्टामिबा हिस्टोलिटिका (आतड्यात घुसून आमांश करणारा अमिबा) आणि त्याचा निरुपद्रवी भाऊबंद एन्टामिबा डिस्पार यांच्या सिस्ट, म्हणजे विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या कवचातल्या अवस्था, सूक्ष्मदर्शकाखाली हुबेहूब सारख्या दिसतात, मग एन्झाइमवरून त्या वेगळ्या कशा काढल्या आणि आज मिरजेत हे करावं का. माझी उमेदीची वर्षं मिरजेच्या लॅबमध्ये गेली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

एन्झाइमचं काम तेच राहतं, पण प्रथिनातलं एखादं अमिनो आम्ल बदललं की त्याचा विद्युतभार बदलू शकतो. अमिबा फोडून त्यांचा अर्क स्टार्च जेलवर ठेवायचा आणि करंट सोडायचा. एकाचं एन्झाइम पुढे पळतं, दुसऱ्याचं मागे रेंगाळतं. पण ते डोळ्यांना दिसत नाही, त्याला कामाला लावावं लागतं. हेक्सोकायनेज, म्हणजे ग्लुकोजवर काम करणारं एन्झाइम, शोधायचं तर जेलवर ग्लुकोज, एटीपी, एनएडीपी, जी-सिक्स-पीडी, पीएमएस आणि रंग देणारं एमटीटी अशा पदार्थांचं मिश्रण ओततात. एन्झाइम जिथं थांबलंय नेमकं तिथंच जांभळट-निळी पट्टी उमटते.

सार्जंट, विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याच पद्धतीनं आतड्यात घुसणारे आणि निरुपद्रवी अमिबा वेगळे केले. हिस्टोलिटिकाच्या हेक्सोकायनेजच्या पट्ट्या पुढे, डिस्पारच्या मागे. सोबत फॉस्फोग्लुकोम्यूटेज वगैरे तीन एन्झाइमं बघत. अशा सारख्या नमुन्याच्या गटाला झायमोडीम म्हणतात. ब्रम्प्ट यांनी १९२५ मध्येच दोन जाती मांडल्या होत्या, पण ते कुणी फारसं मानलं नाही. डायमंड आणि क्लार्क यांनी १९९३ मध्ये डिस्पारला रीतसर वेगळी जात ठरवलं, त्यामागे या पट्ट्यांचा मोठा वाटा आहे.

माझ्या मते भरवसा हेक्सोकायनेजवर ठेवा. बाकी काही पट्ट्या कल्चरमधल्या (अमिबा वाढवायच्या माध्यमातल्या) बॅक्टेरियांवर आणि स्टार्चवर अवलंबून असतात. तेवढ्यावर नवा झायमोडीम जाहीर करू नये.

आज हे करत बसू नका. आधी अमिबा कल्चरमध्ये वाढवावे लागतात, त्यात दिवस जातात आणि बरेच नमुने उगवतच नाहीत. पीसीआर (डीएनए ओळखणारी चाचणी) किंवा हिस्टोलिटिकाची अँटीजेन चाचणी (त्याचं प्रथिन ओळखणारी) हे काम लवकर करते. तेही जमत नसेल तर रिपोर्टवर सरळ ‘हिस्टोलिटिका/डिस्पार’ लिहा. ट्रोफोझोइटच्या, म्हणजे हलत्या-खात्या अमिबाच्या, पोटात रक्तातल्या तांबड्या पेशी दिसल्या तर मात्र हिस्टोलिटिकाचा दाट संशय धरून डॉक्टरांना लगेच फोन करा. नुसत्या सिस्ट दिसल्या आणि रुग्णाला काहीच त्रास नसेल, तर तो डिस्पारही असू शकतो, आणि डिस्पारला औषध लागत नाही.