'फार अँड अवे' या हॉलिवूड पिक्चरमधली ती जमिनीसाठीची घोड्यांची शर्यत खरंच झाली होती का?

हो, झाली होती. १६ सप्टेंबर १८९३ ला अमेरिकेतल्या ओक्लाहोमात, चेरोकी आउटलेट म्हणतात त्या पट्ट्यात. दुपारी १२ ला बंदुकीचा बार झाला आणि लाखभर माणसं घोडे, गाड्या, सायकली, अगदी ट्रेननेसुद्धा सुटली, १६० एकरच्या तुकड्यात आधी जो खुंटी ठोकेल त्याची जमीन. काही लोक तर आदल्या रात्रीच गुपचूप आत घुसून बसलेले, त्यांना सूनर म्हणायचे.

फक्त पिक्चर बघून वाटतं तशी ती अगदी फुकट नव्हती, एकरी एक ते अडीच डॉलर भरायचे होते. आणि सरकारने ती जमीन चेरोकी या तिथल्या मूळ रहिवासी जमातीच्या लोकांवर दबाव टाकून त्यांच्याकडून विकत घेतली होती, हे दिग्दर्शक रॉन हॉवर्डने जवळजवळ गुंडाळूनच टाकलंय, मला ते खटकलं.

बाकी टॉम क्रूझ आणि निकोल किडमनची लव्हस्टोरी काल्पनिक. पण आयर्लंडमधले खंड थकलेले कुळवाडी, मालकाच्या माणसांनी पेटवलेलं घर, हा भाग बऱ्यापैकी खराय. मालकाला उडवायला गेलेल्या जोसेफची (टॉम क्रूझ) बंदूक त्याच्याच हातात फुटते तो सीन भारीये, आणि जमीनदाराची लाडकी लेक शॅनन (निकोल किडमन) बोस्टनला कारखान्यात कोंबड्यांची पिसं उपटत बसते तोही. मधलं बॉक्सिंग मात्र उगाच ताणलंय राव.

पिक्चर १९९२ चा आहे, ७० एमएमसाठी म्हणजे भल्यामोठ्या पडद्यासाठी शूट केलेला, त्यामुळे मोबाईलवर नका बघू, शर्यतीची सगळी मजा जाते.