पुण्याला धाडला म्हणून पोराचं असं झालं का?

"मॅडम, आमीच त्याला पुण्याला धाडला. गावातच ठेवला असता तर असं झालं असतं का?"

सायकोसिस (नसलेले आवाज ऐकू येणं, नसलेल्या गोष्टी खऱ्या वाटणं असा मनाचा आजार) झालेल्या तरुणांचे आईवडील हे कुठल्या ना कुठल्या शब्दांत विचारतातच. या आईला मी काय सांगितलं आणि त्या घरात पुढे काय घडलं, ते लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलाला संदीप म्हणू.

संदीप माण तालुक्यातला. घरची जमीन कोरडवाहू, वर थोरल्या बहिणीच्या लग्नाचं कर्ज. आयटीआय करून तो पुण्याजवळ चाकणला कंत्राटी कामगार म्हणून लागला. खोलीत आठ पोरं, पण पाळ्या वेगवेगळ्या. रात्रपाळी करून हा परतायचा तेव्हा बाकीचे कामावर गेलेले. दिवसा तापलेल्या पत्र्याखाली झोप लागायची नाही. सुपरवायझर सगळ्यांदेखत म्हणायचा, "तुझ्याच्यानं काय व्हायचं नाही." काही महिन्यांनी तोच आवाज संदीपला खोलीतही ऐकू यायला लागला. त्यानं मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावली, मग मोबाईलच पिठाच्या डब्यात पुरून ठेवला. खोलीवरच्या पोरांनी त्याला एसटीत बसवून गावी पाठवलं. घरच्यांनी आधी देवऋषी केला, मग सातारा गाठलं. मानसोपचारतज्ज्ञांनी गोळ्या सुरू केल्या आणि कुटुंबाला माझ्याकडे पाठवलं.

आईला मी म्हटलं, "मावशी, त्याच खोलीतली बाकीची पोरं आजारी पडली नाहीत. म्हणजे संदीपची प्रकृती मुळातच थोडी नाजूक असणार. काही अंश रक्तातून येतो, तो कुणाच्या हातात नसतो. पण तिथं त्याच्यावर जे गुदरलं तेही खोटं नाही."

परिस्थितीचा भाग खरा आहे, याचे पुरावे जुने आहेत. 1932 साली ओडेगार्ड या नॉर्वेच्या डॉक्टरांनी दाखवलं की अमेरिकेत मिनेसोटाला गेलेल्या नॉर्वेजियन लोकांत स्किझोफ्रेनियाचं (दीर्घकाळ चालणाऱ्या सायकोसिसच्या आजाराचं) प्रमाण मायदेशी राहिलेल्यांपेक्षा जास्त होतं. मुळात नाजूक मनाची माणसंच देश सोडतात, असा अर्थ त्यांनी काढला. पुढच्या संशोधनाला तो पुरेसा वाटला नाही, कारण स्थलांतरितांच्या तिथेच जन्मलेल्या मुलांमध्येही धोका वाढलेला दिसला. जिथे माणूस परका ठरतो, सतत कमी लेखला जातो, आपल्या माणसांपासून तुटतो, तिथे धोका वाढतो. लहानपणी मारहाण, अत्याचार किंवा छळ सोसलेल्यांमध्येही हा धोका दोन ते तीन पटींनी जास्त आढळतो.

यावरून "शहरच वाईट" असं मात्र म्हणू नये. युरोपातल्या शहरांत जे दिसलं ते भारतासारख्या देशांत तितकं स्पष्ट दिसत नाही. माझ्या मते संदीपच्या बाबतीत पुणे हा मुद्दाच नव्हता. मोडलेली झोप, रोजचा अपमान, उद्याच्या कामाची शाश्वती नाही आणि बोलायला कुणी नाही, हे सगळं एकाच वेळी साचलं. आईवडिलांनी त्याला पाठवला तो घर चालावं म्हणून. त्यात अपराध कसला?

पुढच्या भेटींत मी "कशामुळे झालं" हे बाजूला ठेवून "आता घरात काय चाललंय" याकडे वळले. गोळ्यांनी आवाज बरेच कमी झाले होते, पण संदीप दिवसभर पडून असायचा. वडील येता-जाता बोलायचे, "शेजारच्याच्या पोरानं स्लॅब टाकला, आन आमचं बघा." आई त्याला आंघोळीचं पाणी काढून द्यायची, कपडे हातात द्यायची, रात्री त्याच्या दारात आडवी झोपायची. वडिलांचा संताप आणि आईची अतिकाळजी, दोन्हीचा ताण मुलावरच येत होता. लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन यांनी 1950 च्या दशकापासून हेच अभ्यासलं: सतत टीका होणाऱ्या किंवा माणसाला पंखाखालून सोडतच नसलेल्या घरांत आजार पुन्हा उलटण्याचं प्रमाण जास्त. चंदीगडच्या अभ्यासात तशी टीका लंडनपेक्षा बरीच कमी आढळली. म्हणजे न टोचता राहणं ही आपल्याला न जमणारी गोष्ट नाही. आणि घरचे टोचून बोलतात त्यात त्यांचा थकवा, भीती आणि कर्जही असतं, हे मला नेहमी सांगावंसं वाटतं.

वडिलांना मी एकच मागितलं: "दादा, तुलना बंद. पोरगा आळशी नाही, आजारी आहे. पडून राहणं हाही आजाराचाच भाग आहे." त्यांना ते पटायला वेळ लागला. आईनं आधी पाणी काढणं सोडलं, दारातून उठायला तिला बरेच आठवडे लागले.

मग काम शोधलं. चुलते गावच्या दूध संकलन केंद्रावर होते. संदीपकडे सकाळचंच काम दिलं: दुधाचा नमुना घ्यायचा, मशीनवरचं फॅट वाचायचं, वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी एकानं "येडा आलाय का मोजायला?" म्हटलं. चुलत्यांनी त्याला तिथंच गप्प केलं. मला विचाराल तर त्या महिन्यात संदीपसाठी झालेलं सर्वांत मोठं काम ते होतं.

अशा आधाराचा उपयोग तपासूनही पाहिला गेला आहे. गोवा, सातारा आणि तमिळनाडूत स्किझोफ्रेनिया असलेल्या 282 जणांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध झाला. नेहमीच्या उपचारांना प्रशिक्षित स्थानिक कार्यकर्त्यांच्या घरभेटींची जोड मिळाली, तिथे लक्षणं आणि रोजच्या जगण्यातली अडचण जास्त घटली. फरक माफक होता, पण होता.

शेवटी वडिलांनी विचारलंच, "आता लग्न उरकून टाकावं का?" लग्न हा इलाज नव्हे, हे मी स्पष्ट सांगितलं. संदीप स्थिरावला, त्याची स्वतःची इच्छा असली, तर मुलीला आजार आणि गोळ्या यांची पूर्ण कल्पना देऊनच पुढे जायचं.

तो पुन्हा चाकणला जायचं म्हणतोय. मी नको म्हटलेलं नाही. दिवसपाळी, ओळखीच्या माणसांसोबत खोली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळ्या न सोडणं आणि झोप उडायला लागली की लगेच घरी फोन, एवढं ठरल्यावर बघू. तुमच्या घरी असं काही सुरू असेल तर 14416 या टेली-मानसच्या मोफत क्रमांकावर फोन करा, किंवा जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करा.