गोळ्या थांबवल्यावर लांबलेली पाळी

प्रश्न : मी २९ वर्षांची असून ठाण्यात राहते. चार वर्षे घेतलेल्या गर्भनिरोधक गोळ्या अडीच महिन्यांपूर्वी बंद केल्या. त्यानंतर पाळी एकदाच आली. गर्भाशय बिघडले असेल का?

उत्तर : ही भीती आपण मनातून काढून टाकावी. गोळ्या घेताना दरमहा होणारा रक्तस्राव संप्रेरकांची मात्रा खंडित झाल्यामुळे होत असे, बीज सुटल्यामुळे नव्हे. आता मेंदू आणि बीजकोश यांचा मूळ क्रम पुन्हा बसण्यास बहुधा एक ते तीन महिने लागतात. मात्र पाळी पुन्हा येण्याआधीही बीज सुटून गर्भ राहू शकतो, म्हणून प्रथम घरीच गर्भधारणेची चाचणी करावी. सलग तीन महिने पाळी आली नाही, तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडून थायरॉईड, प्रोलॅक्टिन (दूधनिर्मितीचे संप्रेरक) आणि पीसीओएस (संप्रेरकांच्या असमतोलामुळे बीजकोशातून बीज नियमित न सुटण्याचा विकार) यांची तपासणी करून घ्यावी. गोळ्यांपूर्वीही पाळी अनियमित होती का, हे त्यांना आवर्जून सांगावे, कारण गोळ्यांमुळे ती अनियमितता झाकली जाते.