खेड्यातून अप-डाऊन करत इंजिनिअरिंगचं थंडीतलं सेमिस्टर कसं निभवायचं?

तू लिहिलंयस की जांबोटी भागातून बेळगावला रोज बसनं येतेस, तिसरं सेमिस्टर आहे, इंटरनल म्हणजे कॉलेजातल्या परीक्षा, लॅब आणि घरची सुगी सगळं एकाच महिन्यात येतंय, तर खोली घेऊ का? दुसऱ्या कुठल्या गावचा प्रश्न असता तर मी पुढं सरकले असते. खरं मी त्याच रस्त्याची, किणयेच्या पलीकडची, आणि हा प्रश्न आमच्या घरात 2019 पासून मिटलेला नाही.

घे खोली. आता का ते सांगते.

आमच्या एकत्र घरात शेवटचा शब्द तात्यांचा, म्हणजे माझ्या काकांचा. ते बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या भागात, फौंड्रीत, पहिल्या शिफ्टला. त्यांचं एकच पालुपद, "22 किलोमीटरला खोली कशाला? 20 वर्षं जाऊलोय की मी, एक दिवस लेट नाही." जातात मोटारसायकलवरनं. मी फाट्यावर उभी. 7:40 ची बस आठला यायची, आणि गच्च भरलेली असली की फाट्यावर न थांबता तशीच पुढं. कंडक्टर हातानं 'मागची, मागची' अशी खूण करणार. मागची म्हणजे आणखी अर्धा तास.

कॉलेज 9 ला. 9:10 ला हजेरी. आणि आमचं मॅथ्स आठवड्यातनं तीनदा पहिल्या तासाला! तीन क्रेडिटच्या विषयाला 40 तास, हजेरी लागते 85 टक्के, म्हणजे 34. सहा तास चुकले की कोटा संपला. माझे दिवाळीपर्यंत नऊ चुकले होते. बाकी सगळ्या विषयांत नव्वदच्या वर, आणि मॅथ्सला राहिलेले सगळे तास बसले तरी 77. दहा टक्क्यांपर्यंत माफी मिळू शकते हे खरं, पण ती कारण आणि कागद दाखवून, समोरच्याच्या मर्जीनं.

पालकांना बोलावलं. बाबा कापणीत, म्हणून तात्या आले. एचओडींनी, म्हणजे विभागप्रमुखांनी, विचारलं, "गाव किती लांब?" तात्या ताठ बसून, "22 किलोमीटर सर, अगदी जवळ." "मग उशीर का होतो?" यावर तात्यांनी माझ्याकडं बघितलं. पाच वर्षं झाली, ते बघणं मी विसरलेले नाही.

त्यावर त्यांनी काढलेला तोडगा म्हणजे माझ्यासोबत चल. सव्वासहाला त्यांच्या मागं बसायचं, सातच्या आत कॉलेजच्या गेटवर. नोव्हेंबरातली बेळगावची थंडी तुला सांगायला नको. पिरनवाडी येईपर्यंत बोटं वळत नसायची. गेट आठला उघडायचं. वॉचमनमामांनी दोन दिवस बघितलं आणि तिसऱ्या दिवसापासनं लायब्ररीच्या व्हरांड्यातला एक बल्ब माझ्यासाठी लावून ठेवायला लागले. डबा मांडीवर, वही डब्यावर. मॉड्यूल एक आणि दोन, म्हणजे अभ्यासक्रमाचे पहिले दोन भाग, मी तिथंच संपवली. पाच मॉड्यूल, प्रत्येकातनं एक पूर्ण प्रश्न, हा पेपरचा साचा तुला माहीतच आहे.

तिसऱ्या इंटरनलच्या आदल्या रात्री आमच्या खळ्यावर मळणी निघाली. ट्रॅक्टर दुसऱ्याचा, त्याला वेळ मिळाला रात्री नऊला, मग काय करणार. पोरगी इंजिनिअरिंगला आहे म्हणून पेंढ्या आपोआप हलत नाहीत. साडेबाराला अंथरुणावर पडले. सकाळी तोच स्वेटर घातला, आणि भाताचं कुसळ कॉलरच्या आत. पेपर सुरू झाला आणि माझा हात सारखा मानेवर. सुपरविजनला आलेले सर दोनदा येऊन बघून गेले. तिसऱ्यांदा आले ते शेजारी उभेच राहिले, चिठ्ठी असणार म्हणून. मी कॉलर झटकली आणि भाताचे दोन दाणे, वर एक काडी, उत्तरपत्रिकेवर पडली. त्यांनी दाणा उचलला, नखानं सोलला, तोंडात टाकला. "सुग्गी?" म्हणाले. म्हटलं, "होय सर, सुगी." त्यांना मराठी येत नव्हतं, माझं कन्नड तेव्हा बस विचारण्यापुरतं. परत माझ्या बाकाकडं फिरकले नाहीत.

त्या इंटरनलला मला बरे मार्क पडले. माफीचा अर्जही मंजूर झाला. तेव्हापासनं तात्या कुठल्याही लग्नात, बारशात सांगतात, "खोली नाही घेतली, तरी झालीच की इंजिनिअर!" मी म्हणते, मी झाले ती वॉचमनमामांच्या बल्बवर. तुझ्या कॉलेजात असा व्हरांडा नसेल तर काय करशील?

खोली टिळकवाडी-शहापूरकडं बघ, कॉलेजला चालत जाता येईल अशी. मालक अकरा महिन्यांचा करार मागतो, म्हणून जुन्या सीनियर मुलींच्या खोलीत जागा रिकामी होतेय का ते आधी विचार. आत्या-मावशी गावात असेल तर सुगीपुरतं तिच्याकडं राहा, लाजू नको. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळं 11 जून 2023 पासून सरकारी बसला बायकांना तिकीट नाही, म्हणून घरचे म्हणतील, फुकट बस आहे की. तिकीट वाचतं, पण बसमधली जागा वाढत नाही. आमच्या वेळी पासचे पैसे तरी होते वाद घालायला.

अप-डाऊनच करायचं ठरलं तर आज टाइमटेबल काढ आणि पहिल्या तासाला कुठला विषय किती वेळा आहे ते मोज. तेवढा एकच विषय तुला बुडवणार आहे. इंटरनलच्या तारखा घरच्या कॅलेंडरवर, दुधाच्या हिशेबाच्याच चौकटीत लिही, म्हणजे मळणीचा ट्रॅक्टर ठरवताना कुणाची तरी नजर पडेल. 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटकाच्या स्थापनादिवशी, मराठी लोकांसारखं काळा दिवस म्हण की राज्योत्सव म्हण, शहरात जायचं काम काढू नको. डिसेंबरात बेळगावात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन लागलं की मोर्चे, बंदोबस्त, बस कुठनं वळवतील सांगता येत नाही, त्या दिवसांत एक बस आधीची धर.

लॅब रेकॉर्डचं वेगळं काय सांगू, आठवड्याची सही आठवड्याला घे.

यंदा तात्यांची धाकटी इंजिनिअरिंगला लागली. पंधरा दिवसांत टिळकवाडीत खोली. मी विचारलं, "तात्या, 22 किलोमीटरचं काय झालं?" म्हणाले, "आता ट्रॅफिक किती वाढलंय बघ की."

आणि हो, मी वर सांगितलेली हजेरी व्हीटीयूच्या, म्हणजे आपल्या विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाच्या, 2018 च्या स्कीममधली, म्हणजे त्या वर्षीच्या अभ्यासक्रम-नियमांमधली, 2022 च्या स्कीमलाही 85 टक्केच. मार्कांचं मात्र बदललंय, 2022 च्या स्कीममध्ये इंटरनलला 50 पैकी किमान 20 नसतील तर मुख्य परीक्षेला बसता येत नाही. तुझं कॉलेज ऑटोनॉमस, म्हणजे स्वायत्त, असेल तर ऑफिसात जाऊन त्यांचा नियम विचार, माझ्यावर विसंबू नको.