अजानच्या आधीची वीस मिनिटे

प्रश्न : मी रत्नागिरी जिल्ह्यातील एका गावात राहते आणि बारावीला विज्ञान शाखेत शिकते. पाचही वेळची नमाज मी नेमाने पढते, पण त्यामुळे दिवसाचे तुकडे पडतात आणि सलग अभ्यास होत नाही, असे मला वाटते. त्यातच बोर्डाची परीक्षा रमजानमध्ये येत आहे. सहरी (पहाटेचे जेवण) आणि इफ्तारच्या (रोजा सोडण्याच्या) वेळी अम्मीला मदत करावी लागते, भाऊ मात्र मोकळा असतो. या सगळ्याचा मेळ कसा घालावा? रोजे परीक्षेनंतर ठेवले तर चालतील का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बेटी, तुझ्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते. कुरआनात सूरह बकरामध्ये आजारी आणि प्रवासी माणसाला रोजा पुढे ढकलण्याची सवलत दिली आहे. परीक्षेचा त्यात उल्लेख नाही. तब्येतच साथ देत नसेल, तर डॉक्टरांचे मत घेऊन जाणत्या आलिमांना (धर्मपंडितांना) विचार. तो निर्णय देण्याचा अधिकार माझा नाही. मात्र रोजा आणि पेपर एकत्र निभावता येतात, हे मी अनेक विद्यार्थिनींच्या बाबतीत पाहिले आहे. रमजान दरवर्षी सुमारे 11 दिवस अलीकडे सरकत असल्यामुळे (2025 मध्ये भारतात पहिला रोजा 2 मार्चला होता) सध्याची काही वर्षे तो फेब्रुवारी-मार्चमध्ये, म्हणजे ऐन बोर्डाच्या हंगामात येतो. पण याच दिवसांत रोजा साधारण 13 तासांचा असतो आणि मे महिन्यातला उन्हाळाही नसतो.

आता तुझ्या मुख्य तक्रारीकडे वळते. पाच वेळच्या फर्ज (अनिवार्य) रकाती, म्हणजे नमाजेची आवर्तने, 17. सुन्नत (पैगंबरांच्या प्रथेतल्या, फर्ज नसलेल्या) रकाती आणि वजू (नमाजेआधी हात-तोंड-पाय धुणे) धरले, तरी एका नमाजेला दहा-पंधरा मिनिटे आणि दिवसभरात मिळून तासाभराच्या आसपास वेळ लागतो. मग बाकीचा दिवस कुठे जातो? तीन दिवस वहीच्या मागच्या पानावर असर ते इशा (दुपार उतरतानाची नमाज ते रात्रीची नमाज) या वेळेची अगदी प्रामाणिक नोंद कर. माझ्याकडे येणाऱ्या मुलींच्या नोंदींत नेहमी एकच गोष्ट आढळते : ‘आता अजान होईलच, मग बसते’ असे म्हणत नमाजेआधीची वीस मिनिटे जातात आणि ‘आताच तर उठले’ असे म्हणत नंतरची वीस. त्यातला बराच भाग मोबाइल खातो, आणि हातातली चित्रफीत दीनी असली, तरी गेलेला वेळ परत येत नाही. बुखारी या संग्रहात एक हदीस (पैगंबरांच्या वचनांची वा वागण्याची नोंद) आहे, जिचा आशय असा की आरोग्य आणि फुरसत या दोन नेमतींच्या (देणग्यांच्या) बाबतीत बहुतेक लोक नुकसानीत राहतात. त्या फुरसतीचा खरा पत्ता मला या वीस मिनिटांत दिसतो. म्हणून अजानच्या आधीच्या वेळेसाठी एक ठरावीक छोटे काम राखून ठेव, जसे की रसायनशास्त्रातल्या पाच अभिक्रिया न पाहता लिहिणे किंवा जीवशास्त्राची एक आकृती काढून तिला नावे देणे. मुसल्ल्यावरून (नमाजेच्या चटईवरून) उठशील तेव्हा पुढच्या धड्याचे पान टेबलावर आधीच उघडलेले असू दे.

रमजानचा दिवस घड्याळाप्रमाणे मांडून बघ. फेब्रुवारीच्या अखेरीस तुमच्या भागात फजर (पहाटेची नमाज) पावणेसहाच्या सुमारास होते, म्हणजे पाचला उठले तरी सहरी व्यवस्थित होते. फजरनंतरचे दोन-अडीच तास पोट भरलेले, डोके ताजे आणि घर शांत असते. गणित आणि भौतिकशास्त्रातली उदाहरणे याच वेळी सोडव; फजर पढून पुन्हा झोपण्याची सवय आजपासूनच मोड. सकाळचा पेपर 11 ते 2 असतो. जोहरची (दुपारच्या नमाजेची) वेळ पाऊण वाजल्यानंतर सुरू होते, तेव्हा तू परीक्षेच्या दालनात असशील. पण कोकणात आपण शाफई या धर्मपरंपरेच्या पद्धतीने नमाज पढतो आणि त्यानुसारही असर चार वाजून गेल्यावरच लागते. पेपर सुटल्यावर जोहरसाठी दोन तास हाताशी असतात, त्यामुळे पेपर लिहिताना त्याची चिंता मनात ठेवू नकोस. (पुढे पुण्या-मुंबईच्या वसतिगृहात गेलीस, तर तिथल्या हनफी या दुसऱ्या परंपरेच्या मशिदीत असरची अजान जवळजवळ तासाभराने उशिरा होईल, तेव्हा गोंधळू नकोस.) जोहरनंतर अर्धा तास झोप घे. असरनंतर शरीर थकलेले असते, त्या वेळी नवे काही शिकू नकोस, फक्त उजळणी कर.

तरावीह (रमजानमधली रात्रीची जादा नमाज) सुन्नत आहे, फर्ज नाही. पेपरच्या आदल्या रात्री ती घरी, जमेल तेवढ्या रकातींची पढलीस, तरी मन खाऊ देऊ नकोस. इशानंतर गप्पा मारत बसणे पैगंबरांना (स.) आवडत नसे, तू दहाला झोपलीस, तर सहरीपर्यंत सात तास मिळतात. महिन्यातल्या ज्या दिवसांत नमाज आणि रोजा माफ असतो, त्या दिवसांत अनेक मुलींचे वेळापत्रक पूर्ण विस्कटते, कारण त्यांना उठवणारी अजानच जणू थांबते. त्या दिवसांतही फजरला ऊठ आणि अभ्यासाला बस.

राहिला स्वयंपाकघराचा प्रश्न. हा तुझ्या एकटीच्या नियोजनाने सुटणार नाही आणि तू तो निमूटपणे सोसावास, असे मला मुळीच वाटत नाही. पैगंबर (स.) घरी काय करत, असे विचारल्यावर त्यांच्या पत्नी हजरत आयेशांनी सांगितले होते की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजेची वेळ झाली की बाहेर पडत. ही हदीस अब्बांच्या समोर भावाला वाचून दाखव. परीक्षेच्या महिन्यात इफ्तारची फळे कापणे, सरबत करणे आणि नंतरची भांडी घासणे ही कामे त्याच्याकडे सोपवावीत, असे अम्मींना माझ्या नावाने सांग. हवे तर हे पानच त्यांच्या हातात दे.