जिप्सीची ट्रान्सफर केस खरंच गेली आहे का, हे ती न उघडता कसं ओळखायचं?

ट्रान्सफर केस म्हणजे गिअरबॉक्समधली ताकद पुढच्या-मागच्या चाकांकडे वाटणारी गिअरची पेटी. तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भोरकडच्या डोंगरातल्या शेतासाठी तुम्ही जुनी मारुती जिप्सी किंग घेतली. टू हायला (फक्त मागची चाकं ओढतात तेव्हा) गाडी शांत चालते. फोर हायला (चारही चाकं ओढतात तेव्हा) टाकली की खालून खडखड येते, वळताना जास्तच. चढावर फोर लोमधून (चारही चाकं, जास्त ताकद, कमी वेग) लिव्हर आपोआप सुटून न्यूट्रलला येतो. उभ्या गाडीखाली तेलाचे ठिपके दिसतात. गॅरेजवाल्यानं ‘ट्रान्सफर गेली, अख्खी बदला’ असं सांगितलंय, आणि दुसरा काही मार्ग आहे का, असं तुम्ही विचारताय.

मार्ग आहे. मी फौजेत ईएमईमध्ये (गाड्या-यंत्रं दुरुस्त करणाऱ्या शाखेत) व्हेईकल मेकॅनिक होतो, तिथं हातातून गेलेल्या जिप्सींची मोजदाद नाही. आता पाटणजवळ माझं छोटं गॅरेज आहे. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक पेटीच्या बाहेर आहे. पण आवाजाआधी एक धोक्याची गोष्ट सांगतो.

लिव्हर लोमधून न्यूट्रलला सुटतोय तोवर गाडी उतारावर नेऊच नका. ट्रान्सफर न्यूट्रलला आली की इंजिन आणि चाकं यांचा संबंध तुटतो. पहिल्या गिअरमध्ये असलात तरी इंजिनचा ब्रेक लागत नाही, गाडी सुसाट सुटते. गाडी गिअरमध्ये ठेवून उतारावर उभी केलीत आणि ट्रान्सफर न्यूट्रलला असली, तर तो गिअर गाडीला एक तसूभरही धरून ठेवत नाही. हँडब्रेक आणि चाकामागे दगड, दोन्ही हवेत. गाडीखाली शिरताना तर हवेतच हवेत.

आता जिप्सीची रचना. इथं ट्रान्सफर गिअरबॉक्सला चिकटलेली नसते. गिअरबॉक्समधून एक आखूड शाफ्ट मागं येऊन ट्रान्सफरमध्ये शिरतो. तिथून एक शाफ्ट पुढच्या हौसिंगकडे (पुढच्या चाकांच्या ॲक्सलकडे) आणि एक मागच्या हौसिंगकडे जातो. तीन शाफ्ट, त्यांना मिळून सहा क्रॉस (शाफ्टच्या टोकाचे, कोनातही फिरू देणारे सांधे). आणि ही पेटी चासीला रबरी माउंटिंगवर टांगलेली असते. हे माउंटिंग पुढं कामाला येणार आहे, लक्षात असू द्या.

दुसरी गोष्ट अशी की बऱ्याच गाड्यांत हायला ताकद पेटीतून सरळ पार जाते. जिप्सीत तसं नाही. हायचं गुणोत्तर १.४०९ आणि लोचं २.२६८. म्हणजे टू हायला हमरस्त्यावर जातानाही आतले गिअर दातात दात घालून वजन ओढत असतात. म्हणून जिप्सीला थोडी घरघर कायमच असते, ती बिघाड नव्हे. आणि म्हणूनच आतलं मुख्य बेअरिंग किंवा गिअरचे दात गेले असते, तर आवाज टू हायलाही आला असता. तुमची गाडी टू हायला शांत आहे हे तुम्ही स्वतःच लिहिलंय. माझ्या दृष्टीनं तुमच्या प्रश्नातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच.

फोर हायला टाकल्यावर पेटीत नवीन काय घडतं? एक स्लीव्ह (दात्यांची सरकती कडी) सरकते आणि पुढचा शाफ्ट जोडला जातो, एवढंच. बाकी नवीन भार येतो तो पेटीबाहेर: पुढचा प्रोपेलर शाफ्ट, त्याचे क्रॉस, पुढचं हौसिंग आणि दोन्ही चाकांच्या आतले जॉईंट. वळताना आवाज वाढतो म्हणता, तर मी पहिला संशय चाकाच्या जॉईंटवर घेईन. मोकळ्या मातीच्या मैदानात फोर हायला टाका, स्टिअरिंग पूर्ण डावीकडे वळवून हळू चालवा, मग पूर्ण उजवीकडे. एका बाजूला टक-टक-टक असा चाकाच्या फेऱ्याबरोबर ठेका येत असेल, तर जॉईंट गेला. सरळ चालतानाही खडखड असेल आणि वेगाबरोबर वाढत असेल, तर पुढच्या शाफ्टचे क्रॉस तपासा. गाडी सपाटीवर, चाकांना ओट (पुढं-मागं दगड) लावून, इंजिन बंद, गिअर आणि ट्रान्सफर दोन्ही न्यूट्रलला. शाफ्ट दोन्ही हातांनी धरून वर-खाली हलवा. क्रॉसच्या कपात जरासाही खेळ जाणवला किंवा कपाभोवती गंजाची लाल पूड दिसली, तर तो बदलायचा. शाफ्ट गोल फिरवताना थोडा प्ले असतोच, त्याला घाबरू नका. पण पेटीतून बाहेर येणारा फ्लँजच (शाफ्ट जोडायची चकती) वर-खाली हलत असेल, तर मात्र आतलं बेअरिंग गेलंय.

इथं माझीच एक चूक सांगतो. फोर हायला हादरे देणारी एक जिप्सी माझ्याकडे आली होती. मी ट्रान्सफर उतरवली, दिवसभर खोलून बसलो, आत सगळं ठणठणीत. मग पुढच्या शाफ्टकडे पाहिलं. आधी कुणीतरी तो सरकत्या जोडापाशी सोडवून परत बसवताना दाते चुकवले होते. दोन्ही टोकांचे योक (क्रॉस धरणारे दुबेळके) एका रेषेत नव्हते. शाफ्ट सोडवून योक रेषेत घेतले आणि हादरा गेला. त्या गिऱ्हाईकाकडून मी मजुरी घेतली नाही. तेव्हापासून शाफ्ट सोडवण्याआधी दोन्ही भागांवर पंचनं खूण केल्याशिवाय मी पान्याला हात लावत नाही. तुमच्या मेकॅनिकलाही हे आवर्जून सांगा.

आता एक उलटा प्रश्न तुम्हाला. शेतातून निघून डांबरी रस्त्यानं घरी येताना गाडी फोर हायलाच ठेवता का? जिप्सीत पुढच्या आणि मागच्या हौसिंगच्या मध्ये डिफरन्शियल (दोन्हीकडे वेगवेगळ्या वेगानं फिरू देणारा गिअर) नाही. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात चाक जरासं घसरतं आणि तो फरक मोडून जातो. कोरड्या डांबरावर घसरायला जागाच नसते, मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि ट्रान्सफरमध्ये साठत जातो. स्टिअरिंग जड होतं, टायर कुरकुरतात, लिव्हर फोरमधून निघता निघत नाही. लोक तो जोर लावून खेचतात आणि फोर्क (आतली स्लीव्ह सरकवणारा काटा) वाकवतात. तसं न करता गाडी सरळ ठेवून काही फूट रिव्हर्स घ्यायची. पीळ उलटा सुटतो आणि लिव्हर बोटानं निघतो.

टायरही बघा. जुन्या गाडीला पुढं नवे, मागं झिजलेले टायर घालून विकायची पद्धत सर्रास आहे. किंगच्या २०५/७० आर १५ टायरचा घेर साधारण २.१ मीटर. नक्षीत ५ मिलिमीटरचा फरक असला तर घेरात ३१ मिलिमीटरचा फरक पडतो, म्हणजे किलोमीटरमागे सुमारे १५ मीटर. तुम्ही सरळ रेषेत चालला असलात तरी फोर हायला पीळ साठतच राहतो. चारही टायर एका मापाचे आणि जवळपास सारखे झिजलेले हवेत. ट्रान्सफरवर खर्च करण्याआधी इथं करा.

लिव्हर सुटण्याचं दुखणं. पहिल्या गिअरचं गुणोत्तर ३.६५२ आणि लोचं २.२६८, गुणाकार सव्वाआठच्या घरात. म्हणजे चढावर फोर लोला पेटीतून जाणारा पीळ इंजिनच्या सव्वाआठ पट असतो. तो तोलताना टांगलेली पेटी एका बाजूला कलू पाहते आणि तिला धरून ठेवतात ती फक्त माउंटिंगची रबरं. रबर फाटलं की पेटी कलते, पण लिव्हर तर फ्लोअरच्या भोकातून वर आलेला. तो भोकाच्या कडेला किंवा कडक झालेल्या रबरी बुटाला (लिव्हरच्या बुडाच्या आवरणाला) टेकतो आणि ढकलला जाऊन सुटतो. बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, आतला फोर्क गेला.

तपासायचं असं. पहारीनं पेटी हळूच उचलून बघा. रबर धातूपासून सुटलं असेल तर तिथं फट उघडते. मग हँडब्रेक, चारही चाकांना ओट, जाणता माणूस स्टिअरिंगवर. फोर लो, पहिला गिअर, क्लच किंचित सोडून लगेच दाबायचा. तुम्ही गाडीच्या बाजूला उभं राहून वाकून बघा, पुढं किंवा मागं उभं राहायचं नाही. पेटी दचकून कलताना दिसली तर माउंटिंग बदला. हे काम पेटी न उघडता अर्ध्या दिवसात होतं. बूट चिरला असेल तर तोही बदला, नाहीतर भाताच्या खाचरातला चिखल थेट लिव्हरच्या बुडाशी जातो.

माउंटिंग घट्ट असूनही लिव्हर सुटत असेल, तर लिव्हरच्या बुडाचं बुश आणि शिफ्टर शाफ्टला खाचेत धरून ठेवणारी गोळी-स्प्रिंग बघायची. ही बारीक कामं आहेत. त्यानंतरही सुटत राहिला, तरच स्लीव्हचे दात गोल झाले असतील किंवा फोर्क झिजला असेल असं म्हणायचं. मग पेटी उतरवणं आलं.

तेलाचे ठिपके. आधी ते कुठलं तेल आहे ते ठरवा. खालचा भाग डिझेलनं धुऊन, पुसून, एक फेरी मारून या आणि मग बघा. ट्रान्सफरला तीन ऑइल सील असतात, आत येणाऱ्या शाफ्टचं एक आणि बाहेर जाणाऱ्यांची दोन. स्पीडोमीटरची केबलही ट्रान्सफरलाच जोडलेली असते, तिच्या ओरिंगमधूनही गळतं. सील बदलण्याआधी ब्रीदर (पेटीतली हवा आत-बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो चिखलानं बुजला की पेटी तापल्यावर आतली हवा तेलाला सीलमधून बाहेर ढकलते, आणि ओढ्यात पेटी एकदम गार पडली की त्याच सीलमधून पाणी आत ओढते. सील बदलताना फ्लँजवर सील घासतं ती जागा नखानं चाचपा. खाच लागली तर नवीन सीलही पावसाळा काढणार नाही. लेथवाल्याकडून त्या जागेवर स्लीव्ह चढवून घ्या.

आणि तेल काढाच. माझा सगळ्यात जास्त विश्वास त्यावर आहे, कारण पेटीच्या आतलं तेलाइतकं खरं कुणीच सांगत नाही. गाडी थोडी चालवून तेल कोमट होऊ द्या. आधी वरचा, भरायचा प्लग उघडा. खालचा आधी उघडलात आणि वरचा गंजून अडकला असला, तर रिकामी पेटी घेऊन बसावं लागतं. तेल पांढऱ्या थाळीत घ्या. काळपट पण गुळगुळीत असेल तर नुसतं जुनं झालंय. चुंबक फिरवल्यावर राखाडी लोण्यासारखा लेप आला तर ती रोजची झीज आहे. टोचणारे कण किंवा चकत्या आल्या तर बेअरिंग किंवा दात तुटतायत, तिथं पेटी उघडावीच लागेल. दुधाळ चहासारखा रंग असेल तर पाणी शिरलंय. अशा वेळी नवीन तेल भरून थोडी चालवायची, तेही काढायचं आणि पुन्हा भरायचं. लागतं लिटरपेक्षा कमीच, त्यात कंजुषी नको. जिप्सीला गिअर ऑइल, पुस्तकात दिलेल्या ग्रेडचं, सपाट जागी वरच्या भोकाच्या काठापर्यंत.

उघडायची वेळ आलीच तर अख्खी बदलण्यापेक्षा दुरुस्ती केव्हाही बरी. केसिंग तडकलेलं नसलं तर पेटी परत उभी राहते. सगळी बेअरिंग, सगळी सील, फोर्क आणि झिजलेली स्लीव्ह एकदमच बदलून घ्या. एकच बेअरिंग बदलून बंद केलेली पेटी परत उघडावी लागल्याचं मी बऱ्याचदा पाहिलंय. जोडताना सिलिकॉन पातळ लावा, जादा लावलेलं आत लोंबून तुटतं आणि तेलात फिरतं. भंगार बाजारातून जुनी पेटी आणणार असाल, तर तिचंही तेल काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. तेल आधीच काढून टाकलेली, वरून रंग मारलेली पेटी मी तरी घेत नाही.

हे सगळं जिप्सीचं, जिची ट्रान्सफर निव्वळ गिअरवर चालते. दुसरी गाडी असलेले कुणी वाचत असतील तर थोडं त्यांच्यासाठी. चेनवाल्या ट्रान्सफरला हायला सरळ जोड असतो, त्यामुळे अंदाज बदलतो. फक्त फोरला, तेही जोर देताना, साखळी दाता सोडून उडी मारल्यासारखा कट-कट आवाज आला तर चेन सैल झालीय. फक्त लोलाच आवाज आला तर आतला प्लॅनेटरी गिअर. अशा बहुतेक पेट्यांत पातळ एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल) लागतं, त्यात सवयीनं जाड नव्वद नंबरचं गिअर ऑइल ओतू नका. बटणवाल्या गाडीत फोरचा दिवा नुसता लुकलुकत असेल, तर पेटीकडे जाण्याआधी फ्यूज, शिफ्ट मोटरचा कनेक्टर आणि व्हॅक्यूमवर चालणारे हब (पुढची चाकं जोडणारे-सोडणारे) असतील तर त्यांच्या चिरलेल्या नळ्या बघा.

तुम्ही या क्रमानं जा: टायर, माउंटिंग, पुढचा शाफ्ट आणि चाकांचे जॉईंट, ब्रीदर, तेल. थाळीतल्या तेलाचा आणि चुंबकावर जे येईल त्याचा उजेडात फोटो काढून इथंच टाका. टोचणारे कण निघाले तर पेटी उतरवताना काय-काय मोजायचं ते मी सविस्तर लिहीन.