मस्टँगला चंदेरी रंग कोणता?

पहिलंच मेटॅलिक स्केल मॉडेल म्हणून पी-५१डी मस्टँग, म्हणजे दुसऱ्या महायुद्धातलं अमेरिकन लढाऊ विमान निवडलंस, छान केलंस. पण अख्खं विमान एकाच चंदेरी रंगात रंगवू नकोस. खऱ्या मस्टँगची बॉडी उघड्या अॅल्युमिनियमची असायची. पंखांवरचे सांधे आणि रिव्हेट मात्र कारखान्यातच पुट्टीने बुजवून वर चंदेरी रंग मारत. म्हणून बॉडीला अल्क्लॅड (खऱ्या पत्र्यासारखा दिसणारा लॅकर रंग) आणि पंखांना तामिया कंपनीचा एलपी-११ हा चंदेरी रंग वापर. शेजारीशेजारी फरक लगेच कळतो: एकात पत्रा दिसतो, दुसऱ्यात रंग.

अल्क्लॅडच्या जास्त चमकणाऱ्या छटांचा सगळा खेळ खालच्या थरावर असतो. चकचकीत काळा बेस पूर्ण वाळू दे, मग एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणारं छोटं साधन) १२ ते १५ पीएसआय दाबावर अगदी पातळ हात फिरव. जाड थर दिलास की चमक मेलीच. काळ्यावर बोटाचा ठसा राहिला तर तोही वर उमटतो. वास उग्र आहे, त्यामुळे मास्क आणि उघडी खिडकी हवीच.

घरात लहान मूल असेल तर सरळ व्हॅलेहो कंपनीचा मेटल कलर घे. पाण्यावर आधारित अॅक्रिलिक आहे, वास फारसा नाही, चमकही सुरेख. फक्त मास्किंग टेप लावण्याआधी नीट वाळू दे, आणि टेपचा चिकटपणा आधी तळहातावर कमी करून घे.